मानाची सायकल

डोंगर कोणाच्या मालकीचा नसतो, असं मोठमोठी माणसं सांगून गेली आहेत. या मोठ्या माणसांत पटवारी एकही नव्हता, आणि त्यांच्यापैकी कोणी सालईखोरीला जाऊन आल्याचंही ऐकिवात नाही.

कृष्णकांत देवघरे जाऊन आला होता. एकदा नव्हे, सहा वर्षं, सवड मिळेल त्या रविवारी. नागपूरच्या एका सरकारी कचेरीत तो नकाशे गिरवायच्या टेबलावर बसायचा. म्हणजे दुसऱ्यांनी आखलेले रस्ते ट्रेसिंगच्या कागदावर काळ्या शाईने पुन्हा काढायचे. आठवडाभर असे रस्ते काढून झाले की रविवारी तो आपली जुनी सायकल रामटेकच्या एसटीच्या टपावर चढवायचा, लगेजच्या तिकिटावरून कंडक्टरशी भांडायचा, तलावाच्या फाट्यावर उतरायचा आणि डोंगरात शिरायचा. "लोक डोंगरावर देवाच्या दर्शनाले जातात," त्याची बायको देवकी शेजारणीला सांगायची, "आमच्या घरचे सायकलीले हवा खायाले नेतात."

तिथे गुरांनी आणि मोह वेचणाऱ्या बायांनी पाडलेली एक पायवाट होती. तलावाच्या पाळीपासून निघून ती डोंगराच्या पाठीवर चढायची, तिथून सागाच्या रानातून आडवी जायची आणि पलीकडे सालईखोरीच्या वेशीत उतरायची. कृष्णकांतने ती वाट सायकलीची केली. विळ्याने बोराट्या छाटल्या, सुटे धोंडे लोटून दिले, पावसाने वाट खाल्ली तिथे दगड रचून तिला टेकू दिला. पहिल्या चढणीचं नाव त्याने सासूची चढण ठेवलं, कारण कितीही जोर लावला तरी ती प्रसन्न होत नसे. शेवटच्या उताराला नाव नव्हतं. तिथे ब्रेक फक्त आवाज करायचे आणि बुटाचा तळ पुढच्या चाकावर दाबून देवाचं नाव घ्यावं लागायचं, त्यामुळे दुसरं नाव सुचायला फुरसत मिळत नसे.

या वाटेवर आपला हक्क आहे, असं कृष्णकांत कधी म्हणाला नाही. त्याचं मागणं लहान होतं. या वाटेवर आपण एकदा पहिलं यावं. लोकांच्या देखत यावं, आणि ते कुठेतरी लिहिलं जावं.

कारण बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तो कशातच पहिला आला नव्हता. कचेरीत त्याच्यामागून आलेले तिघे 'खास बाब' म्हणून पुढे गेले होते. त्यातला एक तर त्याच्याच हाताखाली पेन्सिलीला टोक करायला शिकला होता आणि आता त्यालाच "देवघरे, जरा या" म्हणून बोलवायचा. घरात तो चौथा मुलगा. आणि सीताबर्डीवरच्या एका दुकानाच्या माडीवर जे विदर्भ सायकल-विहार मंडळ होतं, त्याचा तो चिटणीस. चिटणीस म्हणजे सतरंज्या घालायच्या, पंपाचा वायसर बदलायचा आणि अध्यक्षांचं भाषण सुरू झालं की खिडकी लावून घ्यायची. दरवर्षी मंडळ नागपूर-कामठी रस्त्यावर शर्यत लावायचं आणि विजेत्याचं नाव भिंतीवरच्या लाकडी फळ्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं जायचं. ते नाव कृष्णकांत लिहायचा, कारण त्याचं अक्षर चांगलं होतं. फळ्यावर पोरासोरांचीसुद्धा नावं त्याने मोत्यासारखी उतरवली होती. लिहिताना त्याची रेघ कधी वाकडी गेली नाही. रागाने घट्ट आवळलेला कुंचला वाकडा जात नसतो.

शेवटची तीन नावं एकाचीच होती. गिरिधर. हा अध्यक्ष मनोहररावांचा भाचा. मनोहररावांची लाकडाची मोठी वखार होती आणि सायकलवर त्यांचं मनापासून प्रेम होतं. सायकलला ते झेपेनासे झाल्यापासून हे प्रेम भाषणातून वाहत होतं. भाच्याला त्यांनी विलायतेहून गिअरची सायकल आणवून दिली होती. कामठीच्या सपाट डांबरी रस्त्यावर ती सायकल सोडली की मागे उरायचा तो फक्त तिचा सूर. आणि त्या सुराच्या मागे, दरवर्षी, कृष्णकांत.

म्हणून शहात्तर सालच्या शर्यतीसाठी कृष्णकांतने बैठकीत डोंगराचा विषय काढला. सगळे हसले. गिरिधर म्हणाला, "देवघरेकाका, तिथं बकऱ्यांची शर्यत लावा." पण क्रीडा खात्याचे एक साहेब पाहुणे म्हणून यायचे होते, आणि त्या साहेबांना निसर्ग आवडतो, त्याहूनही निसर्गात बसून रोडगे आणि वांग्याची भाजी आवडते, असं मनोहररावांना कळलं होतं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे सीताबर्डीच्या माडीवर होत नाहीत. ठराव पास झाला.

शर्यतीच्या आधीच्या रविवारी कृष्णकांत सालईखोरीच्या रुपराव पाटलांकडे गेला. रुपराव साठीचे, अंगाने वाळके, मिशीने भरलेले. सहा वर्षं कृष्णकांत त्यांच्याच ओसरीवर चहा पीत आला होता. त्यांची आई जिजाबाई खणखणीत होती आणि कृष्णकांत आला की न चुकता विचारायची, तुमच्या नागपुरात रस्ते नाहीत काय. पाटलांनी रोडग्यांचं लगेच कबूल केलं. वांगी घरची, तूप घरचं, साहेब नागपूरचे; नाही म्हणायला जागाच नव्हती. मग कृष्णकांतने शर्यत समजावून सांगितली. वीसबावीस सायकली डोंगरावरून उतरतील. वेशीवर आडवी दोरी बांधायची. जो पहिला येईल तो दोरीतून पार होईल, की झालं.

रुपरावांनी ते नीट ऐकून घेतलं. त्यांना एकच शंका होती.

"दोरी बांधतो. आंब्याचे डहाळेही लावतो. पन पयला कोन?"

"जो पहिला येईल तो."

रुपराव मिशीत हसले. "असं नसते गा भाऊ. पयला कोन हे आंदीच ठरून राह्यते. नाही तं डोकी फुटतात."

कृष्णकांतला वाटलं, पाटील थट्टा करताहेत. तोही हसला. एकाच ओसरीवर दोघं दोन निराळ्या गोष्टींवर हसले, आणि चहा आला.

शर्यतीच्या दिवशी सकाळी तलावाच्या पाळीवर धुकं होतं आणि मनोहररावांचं भाषण होतं. देशभर शिस्तीचे दिवस होते. भिंतींवर शिस्तीची वाक्यं रंगवलेली, कचेऱ्यांत माणसं वेळेवर येऊन वेळेवर काही न करता बसलेली. मनोहररावांनी भाषणात शिस्त हा शब्द इतक्यांदा आणला की साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग अध्यक्ष आणि साहेब जीपमधून डोंगराला वळसा घालून सालईखोरीकडे गेले, आणि मागे राहिलेल्या एका सभासदाने शिटी फुंकली.

गिरिधर पाळीवरून सुटला तो कामठी रोडवर सुटायचा तसाच. कृष्णकांत मागे राहिला. घाई नव्हती. पुढे काय आहे ते त्यालाच ठाऊक होतं.

सासूच्या चढणीवर सायकल-विहार मंडळाची दाणादाण उडाली. निम्मे लोक उतरून सायकल ढकलू लागले. एकाने सायकल खांद्यावर घेतली. एकजण बोराटीत जाऊन बसला, दोन्ही अर्थांनी खचलेला, आणि पायमोज्यातले काटे उपटत बसला. चढण संपता संपता गिरिधर दिसला. सायकल उलटी करून तिच्या विलायती गिअरच्या दातांत गेलेलं सागाचं वाळकं पान तो नखाने काढत होता. कृष्णकांत शेजारून गेला. बकऱ्यांचा विषय त्याने काढला नाही. काढावासा फार वाटला, पण दम त्या कामाला खर्चायचा नव्हता.

डोंगराच्या पाठीवर तो एकटा होता. पुढे कोणी नाही. हे त्याने दोनदा मान वर करून पाहून घेतलं, कारण सवय नव्हती. मग तो पेडल मारत सुटला. प्रत्येक पेडलला एक नाव घेत होता. पहिलं पेन्सिलवाल्याचं, मग त्या दुसऱ्या दोघांचं, मग फळ्यावरची ओळीने, खालून वर. नावं संपली तेव्हा त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सुख म्हणतात ते याहून वेगळं असेल तर असो. कृष्णकांतला ते याच चवीचं हवं होतं.

मग बिननावाचा उतार. बूट चाकावर, रबराचा करपट वास, डोळ्यांत पाणी. खाली वेस दिसली. गर्दी दिसली. डफडं वाजत होतं. एवढे लोक आपल्यासाठी, या विचाराने त्याचा बूट चाकावरून जरा सुटलाच. आणि मग त्याला दोरी दिसली.

ती छातीइतक्या उंचीवर नव्हती. वेशीच्या दोन बाजूंना दोन उंच खांब पुरले होते, आणि त्यांच्या टोकांना आंब्याच्या पानांचं भलंमोठं तोरण बांधलं होतं, खालून झूल पांघरलेली, शिंगं रंगवलेली बैलजोडी आरामात जाईल असं. तोरणाखाली चार म्हातारे हातात आडव्या काठ्या धरून उभे होते.

"थांब गा," त्यातला एकजण म्हणाला.

कृष्णकांत थांबला. थांबला म्हणजे त्याचं पुढचं चाक म्हाताऱ्याच्या दोन गुडघ्यांच्या मधे जाऊन टेकलं. म्हातारा हलला नाही. त्याने आयुष्यभर बैल थांबवले होते.

कृष्णकांतने धापा टाकत विचारलं की काय झालं, कोणी पडलं काय, कोणी मेलं काय. तसं काही नव्हतं. मानाची सायकल यायची होती. ती पाटलांच्या घरून निघणार, तोरणाखालून आधी जाणार, मग बाकीच्यांनी आपापल्या नंबराने जायचं. पाटलांच्या घरी सजावट अजून चालू होती. हे सांगून म्हाताऱ्याने मोठ्या मायेने त्याची सायकल बाजूला घेतली आणि रांगेच्या जागी उभी केली. दुसऱ्याने सीटला हळद आणि लोणी चोळलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी जे बैलाच्या खांद्याला करतात ते सायकलीचं राहून गेलं होतं, म्हणून.

तोरणाच्या पलीकडे, कडुनिंबाखाली, खुर्च्यांवर मनोहरराव आणि साहेब बसले होते. मनोहररावांच्या हातात स्टॉपवॉच होतं. कृष्णकांतने ओरडून त्यांना वेळ घ्यायला सांगितलं. मनोहररावांनी हात वर करून दाखवला की दोरी ओलांडल्यावर. नियम तसाच होता. तो कृष्णकांतनेच लिहिला होता.

तेवढ्यात जिजाबाई ओवाळायचं ताट घेऊन आली. तिने त्याच्या चाकाला कुंकू लावलं, हँडलला लावलं, आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"काहून असा तापून राहिला रे बाप्पा?"

"आजी, ही शर्यत आहे. पोळा नाही."

"तुमच्या नागपुरात लेकरं तान्हा पोळा करतात का नाही? लाकडाचे बैल घेऊन?"

"करतात."

"त्या बैलायले चाकं असतात का नाही?"

"असतात."

"मंग?"

कृष्णकांत मॅट्रिकनंतर दोन वर्षं कॉलेजात गेला होता. त्या दोन वर्षांत या 'मंग'चं उत्तर शिकवलेलं नव्हतं. श्रावणातल्या अमावास्येचा सण जानेवारीत कसा, एवढंच त्याला सुचलं. जिजाबाईचं म्हणणं पडलं की शहरातल्या लोकांचं सगळंच अवेळी असतं, जेवण धरून.

"पण आजी, पहिला मी आलो."

"आला नं. कोन नाही म्हनते? पयला आला, म्हनून पयला थांब."

आणि तो थांबला. मागून गिरिधर आला, कपाळावर घाम, गिअर दुरुस्त. त्याला शेजारी उभं करून त्याच्या विलायती सीटलाही लोणी लावलं. मग एकेक करून बाकीचे आले. ढकलत आलेले आले, खांद्यावर सायकल घेऊन आलेला आला, बोराटीवालाही आला. डोंगराने ज्यांना मैलामैलाच्या अंतरावर पांगवलं होतं, त्या सगळ्यांना गावाने एका रांगेत आणून उभं केलं. सासूची चढण, सागाचं रान, नावं घेत मारलेलं एकेक पेडल, सगळं त्या तोरणाखाली सपाट झालं. गिरिधर हसत होता. हा प्रकार त्याला फार आवडला होता.

कोणीतरी झडती म्हणायला सुरुवात केली. पोळ्यात बैलांपुढे म्हणतात तशी, पण ताजी, तिथल्या तिथे जुळवलेली:

"नागपूरचा बैल आला दोन चाकांवर,
शेन नाही, मूत नाही, भरोसा हवेवर."

गावाने हर हर महादेव केलं. मंडळाच्या सभासदांनीही केलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

कृष्णकांतचा राग साचत होता, आणि तो आजचा नव्हता. त्याला सालईखोरीची वेस दिसत होती आणि कचेरीचा दरवाजाही दिसत होता. तिथेही असंच होतं. आधी या, थांबा, हळद लावून घ्या, आणि आतून मानाचं कोणी आलं की सरकून उभे राहा. फरक एवढाच की कचेरीत कोणी ओवाळत नसे. आपण पहिले आलो हे कोणी नाकारत नाही, याचीच त्याला चीड आली. नाकारलं असतं तर भांडता आलं असतं. इथे सगळे मान्य करत होते, मायेने पाठीवर हात फिरवत होते, आणि अडवून धरत होते.

म्हातारा तंबाखू मळायला काठी काखेत धरून वळला. तेवढी फट पुरली. कृष्णकांतने सायकल रांगेतून ओढली, लोण्याच्या सीटवर टांग टाकली आणि तोरणाखालून पलीकडे गेला. एक काठी मागच्या कॅरिअरवर आदळली. कडुनिंबाखाली मनोहररावांच्या बुटांसमोर त्याने चाक थांबवलं आणि म्हणाला, "घ्या. पहिला. वेळ लिहा."

डफडं बंद पडलं. कृष्णकांत पहिला होता. काठी उचलायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तो पहिला होता.

मग गाव बोलायला लागलं, सगळं एकदम. तोरण बाटवलं. पाहुणा म्हणून सोडलं तर उद्या खऱ्या पोळ्यात कोणीही घुसेल. दोन तरुण काठ्या घेऊन पुढे आले. आणि त्याच वेळी गल्लीतून रुपराव पाटील आले. त्यांच्या शेजारी त्यांचा सालदार गडी मानाची सायकल धरून चालत होता. तिच्या हँडलला हिंगूळ आणि बेगड लावलेली, गळ्यात म्हणजे घंटीखाली घुंगरमाळ, आणि पाठीवर आरसे लावलेली लाल झूल, पार जमिनीला टेकणारी. रुपराव सायकलीला हात लावून चालत होते. त्यांना ती चालवता येत नव्हती, आणि त्याची काही गरजही नव्हती. बैलावर तरी कोण बसतं.

काय झालं ते त्यांना सांगण्यात आलं. रुपराव चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त सालदाराला सांगितलं, सायकल मागं वळव.

"आमचं मंग काही काम नाही," ते शांतपणे म्हणाले. "त्या रोडग्यायच्या जाळावर पानी टाका अन् चाला घरी."

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. गोवऱ्यांचा धूर पाटलांच्या वाडीतून एव्हाना वेशीपर्यंत आला होता आणि तुपाचा वासही त्याच्या बरोबरीने निघाला होता. साहेबांनी मनोहररावांकडे पाहिलं. मनोहररावांनी स्टॉपवॉच खिशात टाकलं, आणि त्यांना शिस्त आठवली.

"देवघरे, हे शोभत नाही. तुम्ही चिटणीस आहात."

"मी पहिला आलो, मनोहरराव. तुमच्या डोळ्यांदेखत. तुमचा भाचा पान काढत बसला होता."

"स्थानिक परंपरेचा मान राखणं हा खेळाचाच भाग आहे," मनोहरराव म्हणाले आणि साहेबांकडे वळले. साहेब म्हणाले की खेळाडूवृत्ती महत्त्वाची. हे म्हणताना त्यांची नजर धुरावर होती.

"ही वाट मी केली आहे," कृष्णकांत म्हणाला. आवाज त्याचाच होता पण त्याने तो पूर्वी कधी ऐकला नव्हता. "सहा वर्षं. एकेक धोंडा मी हलवला. यांच्यापैकी एकाने तरी विळा हातात धरला काय? तुम्ही धरला? या पाटलाने? आणि मी मागे थांबू? जन्मभर थांबलो. आणखी किती जणांच्या मागे उभा राहू तेवढं एकदा सांगून टाका, म्हणजे मी बसूनच घेतो."

 मनोहररावांनी रुमाल काढला. उत्तर रुपरावांनी दिलं, आणि तेही समजुतीच्या सुरात.

"वाट तू केली गा भाऊ. साऱ्या गावाले मालूम हाय. पन डोंगर कोनाचा? खालचा निम्मा डोंगर आमच्या सातबाऱ्यावर हाय. आमी कदी म्हनलं का, काहून येतं म्हनून? तुले चहा पाजला. येकदा आमच्या मांगून गेला तं तुह्यं काय झिजते?"

यात खोटं काही नव्हतं, हीच पंचाईत होती. चहा खरोखर पाजला होता. कृष्णकांत उत्तर शोधत उभा राहिला, आणि उत्तर शोधणाऱ्या माणसाच्या हातून सायकल काढून घेणं सोपं असतं. दोघा तरुणांनी ती घेतली, एकाने त्याचा दंड धरला, आणि त्याला तोरणाखालून उलटा, आल्या बाजूला नेऊन रांगेच्या शेवटी उभा केला. खांद्यावर सायकल घेऊन आलेल्याच्याही मागे. तो माणूस वळून सहानुभूतीने म्हणाला की मनाला लावून घेऊ नका. कृष्णकांत त्याला काय म्हणाला ते इथे देण्याजोगं नाही.

मग सगळं रीतसर झालं. मानाची सायकल तोरणाखालून गेली. मग गावातल्या बाकीच्या सायकली घराण्यांच्या नंबराने गेल्या. त्यातली एक शाळेच्या मास्तरांची होती आणि मास्तर लग्नाला गेले होते, म्हणून ती त्यांच्या मेहुण्याने नेली. मग पाहुणे. पाहुण्यांत गिरिधर पहिला, कारण तो अध्यक्षांचा भाचा आहे हे गावाला कोणी न सांगता समजलं होतं. अशा गोष्टी गावाला समजतात. शेवटी कृष्णकांत गेला, आणि तोरण सोडण्यात आलं.

मनोहररावांनी निकाल जाहीर केला. डोंगरी सायकल शर्यतीचे विजेते, रुपराव पाटील, सालईखोरी. साहेबांनी पितळी कप दिला. रुपरावांनी तो आधी कपाळाला लावला आणि मग आत वाकून पाहिलं. गिरिधरला नारळ. कृष्णकांत देवघरे, बेशिस्तीबद्दल बाद. आणि खुर्चीवरून उठता उठता मनोहरराव त्याच्या जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले की झालं गेलं विसरून जा, फळ्यावर पाटलांचं नाव मात्र आठ दिवसांत लिहून टाका, अक्षर नेहमीसारखं येऊ द्या.

कृष्णकांतने चिटणीसपद तिथल्या तिथे सोडलं. मनोहरराव म्हणाले, जेवून मग सोडा.

पंगत पाटलांच्या वाडीत संत्र्यांच्या झाडांखाली बसली. कृष्णकांत बसणार नव्हता. तो बांधावर पाठ फिरवून उभा राहिला, तेव्हा जिजाबाई पत्रावळ घेऊन तिथेच आली. "खाय," ती म्हणाली. "राग रिकाम्या पोटात ठेवू नये, आतडी कुरतडते." तिने रोडगा फोडून त्यात तूप ओतलं. तिच्यावर रागावता येत नव्हतं, आणि म्हणून तिचाही राग आला. तो उभ्याउभ्या जेवला. तिकडे साहेब मंडळाला सांगत होते की पुढच्या वर्षी हा उपक्रम जिल्हा पातळीवर न्यावा. वांगी अप्रतिम असल्याचंही त्यांनी सांगितलं.

उन्हं कलल्यावर तो सायकल आणायला पाटलांच्या गोठ्याकडे गेला. सगळ्या सायकली तिथे भिंतीला टेकवल्या होत्या. त्याने आपली काढली, सीटवरचं लोणी गवताने पुसलं, चाकावरचं कुंकू पुसायला गेला ते गेलं नाही. पलीकडे मानाची सायकल बैलांच्या शेजारी उभी होती, कप दोरीने तिच्या हँडलला बांधलेला. सालदार आला. थंडी पडायला लागली होती आणि झूल खरं तर डाव्या बैलाची होती. त्याने ती सायकलीवरून ओढून काढली आणि बैलाच्या पाठीवर टाकली.

सायकलीला चेन नव्हती.